भिंत कोणाची? : स्टेन्सिल चित्रकला आणि नागरी कारभार

रस्त्याकडेची भिंत कायद्याने कोणाच्या तरी मालकीची असते. परंतु तिच्याकडे पाहण्याचा हक्क येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा असतो. मालकी एकाची आणि दर्शन सर्वांचे, या विसंगतीतूनच भित्तिलेखनाचा प्रश्न निर्माण होतो. कोणी परवानगी न घेता तिच्यावर घोषणा लिहितो, कोणी नाव कोरतो, कोणी जाहिरात रंगवितो, तर कोणी खरोखर चांगले चित्र काढून जातो. हे सर्व प्रकार नगरपालिकेच्या सफाई कामगाराला सारखेच दिसतात. तो चुन्याची बादली घेऊन येतो आणि सर्वांवर एकच हात फिरवितो.

गेल्या चार-पाच दशकांत जगातील अनेक शहरांना या प्रश्नाचा विचार नव्याने करावा लागला. त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे स्टेन्सिलने काढलेली रस्त्यावरची चित्रे. काही शहरांनी ती पुसण्यावर खर्च केला, काहींनी ती जपण्यावर केला आणि काहींनी आधी पुसून मागाहून पश्चात्ताप केला. शाळेच्या, समाजमंदिराच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांना या अनुभवांतून शिकण्यासारखे बरेच आहे.

साचा आणि रंग

स्टेन्सिल हे साधन आपल्याला अनोळखी नाही. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत चक्रमुद्रण यंत्रे होती त्या काळी ‘स्टेन्सिल कापणे’ हा शब्दप्रयोग प्रत्येक कारकुनाच्या व शिक्षकाच्या तोंडी होता. मेणकागदावर टंकलेखन यंत्राने अक्षरे उमटविली की तेवढ्याच भागातून शाई झिरपत असे आणि एका स्टेन्सिलवरून परिपत्रकाच्या अनेक प्रती निघत. भिंतीवरील स्टेन्सिलचे तत्त्वही तेच आहे. जाड कागद, पत्रा किंवा प्लॅस्टिकची पातळ फिल्म घेऊन तिच्यात हवी ती आकृती कापावयाची, तो साचा भिंतीला घट्ट टेकवावयाचा आणि त्यावरून रंगाचा बोळा, ब्रश किंवा फवारा फिरवावयाचा. साचा उचलला की मोकळ्या जागेतून गेलेला रंग आकृतीच्या रूपाने भिंतीवर राहतो.

धान्याच्या पोत्यांवरील मार्का, मालडब्यांवरील क्रमांक, निवडणुकीतील पक्षचिन्हे, दारापुढील रांगोळीचे छाप या सर्वांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत फवारणी झालेल्या घरांच्या भिंतींवर तारखेची नोंद साच्याने केली जात असे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण १९६० नंतरच्या दशकात खेडोपाडी पोहोचला तो भिंतींच्याच आधाराने. मथुरा परिसरातील सांझी कलेत तर कागदी साचे कापण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहे.

या तंत्राचे वय मात्र याहून फार मोठे आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या गुहांत भिंतीवर हात टेकवून त्याभोवती लाल रंग उडवून उमटविलेले पंजे आढळतात. त्यांपैकी एका पंजाचे वय किमान ३९,९०० वर्षे असल्याचे संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. हाताचाच साचा करून भिंतीवर खूण ठेवण्याची मानवाची ही प्रवृत्ती इतकी जुनी आहे.

साचा कापणे दिसते तितके सोपे नसते. देवनागरीतील ‘व’ किंवा ‘ब’ कापून पाहिल्यास अडचण तत्काळ लक्षात येते. अक्षराच्या गोलातील कागदाचा तुकडा सुटून खाली पडतो आणि गोलाऐवजी भरीव ठिपका उमटतो. म्हणून तो मधला तुकडा बारीक पट्टीने बाहेरच्या कागदाशी जोडून ठेवावा लागतो. पोत्यांवरील अक्षरांत मधूनच तुटल्यासारखी जागा दिसते ती या पट्टीमुळेच. माणसाचा चेहरा काढावयाचा असेल तर प्रकाश कोठे आणि छाया कोठे हे आधी ठरवून फक्त छायेचा भाग कापावा लागतो. अनेक रंग हवे असल्यास प्रत्येक रंगाचा वेगळा साचा करून ते एकावर एक नेमके जुळवावे लागतात. थोडक्यात, स्टेन्सिलमध्ये खरे श्रम घरी बसून करावयाचे असतात. भिंतीपाशी फार तर काही मिनिटे लागतात. अमेरिकेत १९४९ साली एडवर्ड सेमूर यांनी रंगाचा फवारा देणारा डबा तयार केला आणि ही मिनिटे आणखी कमी झाली.

या साधनाचे सारे सामाजिक महत्त्व या एका गुणात आहे. कमी खर्चात, अल्प वेळात, एकच आकृती शेकडो ठिकाणी उमटविता येते. ज्या कारणासाठी शासनाने ते वापरले, त्याच कारणासाठी शासनावर टीका करणाऱ्यांनीही ते वापरले.

जुनी खोड, नवे रूप

भिंतीवर लिहिण्याची खोड आधुनिक नाही. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात निवडणुकीतील उमेदवारांचा प्रचार करणारे दोन हजारांहून अधिक रंगीत भित्तिलेख सापडले आहेत. ‘ग्राफिटी’ हा शब्दही इटालियन असून ओरखडून लिहिणे या अर्थाशी त्याचे नाते आहे. महाराष्ट्रातील या प्रकाराचे एक ठळक उदाहरण अजिंठ्यात पाहावयास मिळते. लेणी पाश्चात्त्य जगाच्या नजरेस आणून देण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, त्या जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लेणे क्रमांक १० मधील प्राचीन चित्रावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. शोध लावणाऱ्यानेच वारशाला पहिली इजा केली, असे या प्रकाराचे वर्णन करता येईल. आज गडकिल्ल्यांच्या तटांवर आपली नावे कोरणारे पर्यटक त्याच परंपरेतील आहेत.

कलावंतांनी हेतुपुरस्सर स्टेन्सिल हाती घेतल्याचे एक आरंभीचे उदाहरण फ्रान्समधील आहे. १९६६ साली अल्बियों पठारावर अण्वस्त्रांचा तळ उभारला जाणार होता. एर्नेस्त पिन्यों-एर्नेस्त या चित्रकाराने त्या परिसरातील खडकांवर आणि भिंतींवर एका मनुष्याची काळी छाया साच्याने उमटविली. हिरोशिमात अणुस्फोटाच्या झोतामुळे पृष्ठभागांवर उरलेल्या मानवी छायांची ती आठवण होती. एकही शब्द न लिहिता त्याने आपला निषेध नोंदविला.

पुढे १९८१ साली पॅरिसमध्ये झाव्हिए प्रू या तरुणाने ‘ब्लेक ल रा’ या टोपणनावाने शहरभर काळे उंदीर उमटविण्यास सुरुवात केली. प्रू हा कलाविद्यालयात उत्कीर्णन व शिळामुद्रण शिकलेला होता. न्यूयॉर्कमधील भित्तिलेखन त्याने १९७१ साली पाहिले होते. परंतु त्याची नक्कल करण्याऐवजी त्याने साच्याचा मार्ग निवडला. उंदीर कोणाची परवानगी मागत नाही आणि सर्वत्र शिरतो, या अर्थाने ते चिन्ह त्याला योग्य वाटले. १९९१ साली काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराच्या माता-बालकाच्या चित्राची स्टेन्सिल प्रतिकृती भिंतीवर उमटवीत असताना पोलिसांनी त्याला पकडले व त्याच्यावर खटला झाला. त्यानंतर त्याने भिंतीवर थेट रंग मारण्याऐवजी घरी तयार केलेली चित्रे कागदावर आणून चिकटविण्याचे तंत्र स्वीकारले. कायद्याने कलेचे रूप बदलले, ती संपविली नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ब्रिस्टलने लोकांना विचारले

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातून १९९० नंतरच्या दशकात पुढे आलेला ‘बँक्सी’ हा कलावंत या क्षेत्रातील सर्वाधिक प्रसिद्ध नाव होय. त्याने आपली ओळख स्वतःहून कधीही जाहीर केलेली नाही. हातातून फुगा सुटलेली मुलगी, आंदोलक, पोलीस आणि उंदीर हे त्याचे आवडते विषय. ही चित्रे पहिल्या दृष्टिक्षेपात कळतात आणि त्यांतील टोचणी क्षणभराने जाणवते.

२००६ साली ब्रिस्टलमधील पार्क स्ट्रीटजवळच्या एका इमारतीवर रातोरात त्याचे चित्र उमटले. खिडकीच्या कठड्याला एका हाताने लोंबकळणारा विवस्त्र माणूस आणि खिडकीतून बाहेर शोध घेणारा पती असा त्याचा विषय होता. चित्र विनापरवाना होते, विषयही काहींना न रुचणारा होता. नियमाप्रमाणे ते पुसता आले असते. परंतु नगर परिषदेने नागरिकांचे मत मागविले. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ९७ टक्के लोकांनी चित्र ठेवावे असे सांगितले आणि ते ठेवण्यात आले. २००९ साली याच शहराच्या वस्तुसंग्रहालयात बँक्सीचे प्रदर्शन भरले, तेव्हा बारा आठवड्यांत तीन लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. २०११ साली शहरातील नेल्सन स्ट्रीट या उदास रस्त्यावरील इमारती परवानगीने चित्रकारांच्या स्वाधीन करण्यात आल्या.

बाजाराने या कलेला कोठे नेले, याचेही उदाहरण बँक्सीचेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात त्याचे फुगेवाल्या मुलीचे चित्र दहा लाख पौंडांहून अधिक किमतीस विकले गेले आणि हातोडा पडताच चौकटीत दडविलेल्या यंत्राने त्याचा अर्धा भाग कापून पट्ट्या केल्या. बाजाराची ही थट्टाही बाजाराने पचविली. तेच फाटके चित्र ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८६ लाख पौंडांस गेले. मात्र या आकड्यांमुळे दिपून जाण्याचे कारण नाही. नागरी कारभारापुढचा प्रश्न चित्राच्या किमतीचा नसून निर्णय कोणी आणि कसा घ्यावा, हा आहे.

मेलबर्नचा धडा

या प्रश्नाचे सर्व पैलू ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या अनुभवात एकत्र दिसतात. या शहराच्या मध्यभागी मोठ्या रस्त्यांना जोडणाऱ्या अनेक अरुंद, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या आहेत. २००० नंतरच्या काही वर्षांत तेथे स्टेन्सिल चित्रांना बहर आला. ‘हाहा’ या नावाने काम करणाऱ्या रेगन तामानुई याने ऑस्ट्रेलियाच्या लोककथांत गाजलेल्या नेड केली या बंडखोराचा चेहरा शहरभर उमटविला. २००४ साली शहरात स्टेन्सिल महोत्सवही सुरू झाला. होसियर लेन ही गल्ली तर पर्यटकांचे आकर्षण ठरली.

दुसऱ्या बाजूने व्हिक्टोरिया राज्याने २००७ साली ग्राफिटी प्रतिबंधक कायदा केला. परवानगीवाचून भिंत रंगविणे, तसेच सार्वजनिक वाहतुकीच्या आवारात योग्य कारणाशिवाय रंगफवाऱ्याचा डबा बाळगणे यांसाठी शिक्षा ठरविण्यात आली आणि अठरा वर्षांखालील मुलांना असे डबे विकण्यास बंदी आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१० साली, कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने आपल्या संग्रहातील स्टेन्सिल व भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरविले. एकाच देशात एक संस्था जे काम गुन्हा म्हणून नोंदवीत होती, ते दुसरी संस्था वारसा म्हणून जपत होती.

या विसंगतीचा फटका नगर परिषदेलाच बसला. बँक्सीने २००३ च्या सुमारास होसियर लेनमध्ये हवाई छत्रीने उतरणारा उंदीर काढला होता. एप्रिल २०१० मध्ये गल्लीच्या साफसफाईसाठी पाठविलेल्या कामगारांनी त्यावर रंग फासला. कामगारांची त्यात चूक नव्हती. कोणते चित्र ठेवावयाचे याची माहिती त्यांना कोणी दिलीच नव्हती. महत्त्वाच्या चित्रांची यादी झाली नव्हती आणि ती करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते. पण केवळ जपणूक करूनही भागत नाही. त्याच शहरातील बँक्सीच्या दुसऱ्या एका चित्रावर मालकाने पारदर्शक आच्छादन बसविले होते; तरीही २००८ च्या अखेरीस कोणीतरी आच्छादनाच्या मागे रंग ओतून ते नष्ट केले.

इंग्लंडमधील क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावची गोष्टही अशीच आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथे एक चित्र उमटले. काही कबुतरे परदेशातून आलेल्या एका रंगीत पक्ष्याला निघून जाण्याचे फलक दाखवीत आहेत, असे ते दृश्य होते. परक्यांविषयीच्या द्वेषाची ती थट्टा होती. परंतु चित्र वंशद्वेष पसरविते अशी तक्रार येताच स्थानिक परिषदेने ते घाईने पुसून टाकले आणि ते बँक्सीचे असल्याचे तिला नंतर कळले. उपरोध न कळल्यामुळे उपरोधच पुसला गेला.

याउलट पुसणे आवश्यक असल्याचेही उदाहरण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीवर बँक्सीचे चित्र आढळले. ते आंदोलकावर प्रहार करणाऱ्या न्यायाधीशाचे होते. ही इमारत संरक्षित वास्तू असल्याने तिचे मूळ रूप राखणे बंधनकारक आहे, असे सांगून चित्र काढण्यात आले. चित्रकार नामवंत असला म्हणून वारसावास्तूचा नियम शिथिल होत नाही, हे तत्त्व योग्यच होय. मात्र चित्राचा रोख न्यायसंस्थेवरच असल्याने ते काढण्यावर चर्चा झाली, हेही नोंदविले पाहिजे.

कलावंताचा हक्क

भिंतीच्या मालकाला आपल्या भिंतीवरील चित्र हवे तेव्हा पुसता येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परवानगीने काढलेल्या चित्रांबाबत ती पूर्णपणे खरी नाही. न्यूयॉर्कमधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या संमतीने चित्रकारांनी रंगविल्या होत्या. इमारत पाडावयाचे ठरल्यावर मालकाने नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत सर्व चित्रांवर पांढरा रंग फासला. अमेरिकेतील दृश्य कलावंतांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्यानुसार न्यायालयाने २०१८ साली २१ कलावंतांना ६७ लाख डॉलर भरपाई देवविली आणि २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम केला. रीतसर सूचना देऊन कलावंतांना आपले काम वाचविण्याची वा त्याची नोंद करण्याची संधी दिली असती, तर हा प्रसंग टळला असता.

भारतातही यासंबंधी महत्त्वाचा निर्णय झालेला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ साली त्यांना न कळविता उतरवून गोदामात टाकण्यात आले. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ मधील कलावंताच्या नैतिक हक्काच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली भित्तिशिल्पाचे अवशेष सहगल यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा निर्णय शासनाने स्वतः करवून घेतलेल्या कलाकृतीविषयीचा आहे. विनापरवाना काढलेल्या स्टेन्सिलला तो जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तथापि शाळेची किंवा कचेरीची भिंत चित्रकाराकडून रंगवून घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

आपल्याकडील भिंती

मुंबईत २००९ साली महानगरपालिकेच्या पुढाकाराने सेनापती बापट मार्गालगतच्या लांबलचक भिंतीवर नागरिकांनी चित्रे काढली. २०१७ साली ससून गोदीत भरलेल्या कलाप्रदर्शनाने १८७५ साली बांधलेल्या या गोदीकडे आणि तेथील कोळी समाजाच्या जीवनाकडे मुंबईकरांचे लक्ष वेधले. दिल्लीतील लोधी कॉलनी या शासकीय वसाहतीच्या भिंती २०१५-१६ पासून देशोदेशींच्या चित्रकारांनी परवानगीने रंगविल्या. मुंबईतील ‘टायलर’ किंवा कोचीतील ‘गेस हू’ अशी टोपणनावे घेऊन विनापरवाना स्टेन्सिल उमटविणारेही आहेत.

खेड्यांतील भिंती याहून वेगळ्या, पण तितक्याच बोलक्या. जिल्हा परिषदेच्या शाळांतील ‘बोलक्या भिंती’ हा उपक्रम, ग्रामस्वच्छतेची घोषवाक्ये, वारली वस्त्यांतील तांदळाच्या पिठाची चित्रे ही सर्व भिंतीवरील अभिव्यक्तीच होय. त्याच वेळी मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा राज्य अधिनियम, संरक्षित स्मारकांना इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा सांगणारा केंद्रीय कायदा आणि निवडणूक काळात मालकाच्या परवानगीशिवाय भिंत वापरू नये असे बजावणारी आचारसंहिता या तिन्ही गोष्टी अस्तित्वात आहेत. नियमांचा अभाव नाही. उणीव असते ती विचारपूस करण्याच्या पद्धतीची.

ग्रामपंचायतीने काय करावे

देशोदेशीच्या या अनुभवांतून काही साध्या गोष्टी निघतात. पहिली गोष्ट म्हणजे जुन्या दगडी वा चुनेगच्चीच्या वास्तूंवर, मंदिरांवर, बारवांवर आणि तटबंदीवर कोणताही रंग लावू नये. तैलरंगामुळे अशा भिंतीतील ओल आतच कोंडते आणि चुना फुगून सुटू लागतो. हेतू चांगला असला तरी नुकसान भरून येत नाही.

सार्वजनिक भिंत रंगवावयाची असल्यास विषय ग्रामसभेपुढे ठेवावा, चित्रकाराला लेखी परवानगी द्यावी आणि चित्र किती काळ ठेवावयाचे ते त्याच कागदावर नमूद करावे. चित्राखाली चित्रकाराचे नाव व वर्ष असावे. मुदत संपल्यावर चित्र पुसावयाचे झाल्यास त्याला आधी कळवावे आणि छायाचित्र दप्तरी ठेवावे. परवानगीवाचून उमटलेल्या चित्राबाबत मालकाची इच्छा प्रथम विचारावी. शिवीगाळ, जातिद्वेष वा कोणाची बदनामी असेल तर ते विलंब न लावता काढावे. तसे नसेल तर तक्रार आली म्हणून लगेच चुना फासण्यापूर्वी चित्राचा अर्थ काय हे चार माणसांनी एकत्र पाहावे. रंगकाम करणाऱ्यांना कोणती भिंत वगळावयाची हे लेखी सांगावे. मेलबर्नमध्ये नेमके तेवढेच राहून गेले होते.

शिक्षकांना या तंत्राचा वर्गात सहज उपयोग करता येईल. जुन्या क्ष-किरण फिल्म धुऊन त्यांचे उत्तम साचे होतात. बालवर्गाची अक्षरे, पाणी उकळून पिण्याची सूचना, झाडांची नावे असे साचे एकदा कापले की ते वर्षानुवर्षे टिकतात. पात्याचे काम मोठ्यांनी करावे आणि फवाऱ्याऐवजी साधा रंग व स्पंजाचा बोळा वापरावा. फवाऱ्यातील द्रावणांचा वास बंद वर्गात अपायकारक असतो. कोणती आकृती कोणत्या भिंतीवर उमटवावयाची हे ठरविताना मुलांना त्या भिंतीच्या मालकाकडे जाऊन संमती मागावयास सांगितले, तर कलेबरोबर नागरिकशास्त्राचाही पाठ होईल.

स्टेन्सिल हे अखेर एक साधन आहे. त्याने लाल त्रिकोण उमटविला, तसाच उंदीरही उमटविला. कोणत्याही लोकशाहीत भिंतींवर कधीतरी न विचारता लिहिले जाणारच आणि प्रत्येक वेळी ते सुखद असेलच असे नाही. परंतु मालकाचा हक्क, कलावंताचे श्रम आणि पाहणाऱ्या लोकांचे मत या तिहींची दखल घेऊन जो निर्णय होतो, तो चुकला तरी दुरुस्त करता येतो. केवळ बादली आणि कुंचल्याने घेतलेला निर्णय मात्र मागे घेता येत नाही.